'साधा' हा शब्द साधूवरून आलेला नाही

फोंड्याहून, चर्चेची सुरुवात:
आमच्या वाचनालयातील व्याख्यानात परवा असे सांगण्यात आले की साधेपणा हा साधुत्वाचाच अंश आहे, कारण 'साधा' हा शब्द 'साधू'पासून झाला. टाळ्याही पडल्या. मला मात्र हे मान्य नाही. हा शब्द फारसीतला 'सादा' आहे. तिथे त्याचा अर्थ कोरा, बिननक्षीचा, ज्यात वरून काही घातलेले नाही असा होतो, आणि साधा डोसा, साधे पान, साधी कैद या आपल्या प्रयोगांत नेमका तोच अर्थ टिकून आहे. साधा डोसा म्हणजे सज्जन डोसा नव्हे! घरी कोकणीत आपण 'सादो' म्हणतो, तो उच्चारही मुळाजवळचाच आहे.

म्हापशाहून:
कोकणीची साक्ष चालणार नाही. आपल्या बोलीत दुधाचे 'दूद' आणि वाघाचा 'वाग' होतो, मग 'साधो'चा 'सादो' होण्यासाठी फारसीची गरज काय? शिवाय 'माणूस साधा आहे' हे आपण कौतुकाने म्हणतो. नुसत्या कोरेपणाचे कौतुक कोण करील?

फोंड्याहून:
'दूद'चा मुद्दा बिनतोड आहे, ती साक्ष मागे घेतो. परंतु हिंदी आणि गुजराती या भाषा दुधातला 'ध' नीट उच्चारतात, तरीही त्यांत 'सादा' आणि 'सादुं' असेच आहे. हिंदीतील 'सादगी'ला तर प्रत्ययही फारसी आहे. दुसरे असे की लोकांच्या तोंडी झिजत आलेला 'साधु' मराठीत आधीच आहे. गोधूमाचा गहू झाला, दधीचे दही झाले, तसा साधूचा 'साहू' आणि पुढे 'साव' झाला. 'चोर की साव' यातला साव तो हाच, आणि सावकारही त्याच घरचा (कुळांना हे पटणे कठीण आहे).

डिचोलीहून:
पोर्तुगीजांच्या गोव्यात फारसी कशी पोहोचली, हा प्रश्न उरतोच.

फोंड्याहून:
1510 पूर्वी इथे आधी बहामनी आणि मग आदिलशाही अंमल होता. 'हजार' आणि 'बाजार' हे फारसी शब्द आपण रोज वापरतोच की.

म्हापशाहून:
ठीक आहे. पण मग मराठीतच 'द'चा 'ध' कोणी केला?

फोंड्याहून:
माझ्या मते शेजारच्या 'साधू'ने. कानाला जवळचा आणि अर्थानेही मानाचा शब्द सोबतीला असल्यामुळे 'सादा' त्याच्याकडे ओढला गेला असावा. 'साधा माणूस' यातले कौतुकही बहुधा तिथूनच आले.

म्हापशाहून:
म्हणजे एका अक्षरापुरते तरी व्याख्याते बरोबर होते.