रूट करणे हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे काय?

तळटीप (धागाकर्ता)

जुन्या फोनच्या धाग्यावर सावधचित्त यांनी जाता जाता एक वाक्य टाकले होते : "ज्यांना वेळ कुठे घालवावा हे कळत नाही तेच आता फोन रूट करतात; बाकीच्यांच्या गरजा अँड्रॉइडने केव्हाच भागवल्या आहेत." तिथेच उत्तर दिले असते तर तो धागा भरकटला असता, म्हणून हा वेगळा काढला. (रूट करणे म्हणजे फोनच्या प्रणालीवरचा, एरवी वापरकर्त्याला न मिळणारा, पूर्ण ताबा स्वतःकडे घेणे.)

हे विधान अर्धे खरे आहे, आणि म्हणूनच ते अधिक खटकले. २०१५ मध्ये मार्शमॅलो ही अँड्रॉइडची सहावी आवृत्ती येईपर्यंत ॲपांना परवानग्या एकगठ्ठा द्याव्या लागत. साधे टॉर्चचे ॲप संपर्कयादी मागत असे आणि आपल्या हाती ते बसवणे किंवा न बसवणे एवढेच उरत असे. परवानग्या एकेक करून नाकारता याव्यात, एवढ्याचसाठी त्या काळात अनेकांनी रूट केले. स्क्रीन रेकॉर्ड करणे किंवा बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवणे, या सोयीही रूटवाल्यांनी आधी वापरल्या आणि बाकीच्यांना पुढे आयत्या मिळाल्या. येथवर सावधचित्त यांचे मान्य.

परंतु त्याच वर्षांत जे काढून घेतले गेले त्याचा हिशेब कोणी मांडत नाही. किटकॅट या आवृत्तीने बाहेरच्या ॲपांची एसडी कार्डावर हवे तिथे लिहिण्याची मुभा काढली, अँड्रॉइड ९ ने कॉल रेकॉर्डिंगच्या पळवाटा बुजवल्या, ११ ने फाइल मॅनेजरला इतर ॲपांच्या डेटा फोल्डरचे दार बंद केले आणि १२ पासून संगणकाला जोडून एडीबीने (संगणकावरून फोनला आज्ञा देण्याच्या साधनाने) घेतलेल्या बॅकअपमध्ये नव्या ॲपांचा डेटा येईनासा झाला. प्रत्येक वेळी कारण सुरक्षेचे दिले गेले आणि ते बहुतेक वेळा खोटेही नव्हते. तरीही कालपर्यंत जमणारी गोष्ट आज जमत नाही, हे उरतेच.

माझे कारण बॅकअप आहे. आईच्या आजारपणाची चार वर्षे मी एका नोंदवहीच्या ॲपमध्ये रोज लिहीत होतो : कोणते औषध दिले, रात्री किती झोपली, काय बोलली. पुढे ते ॲप बंद पडले. त्यात निर्यातीची सोय नव्हती, आणि ॲपकर्त्याने बॅकअप नाकारून ठेवला असल्यामुळे अँड्रॉइडचा स्वयंचलित बॅकअपही, ज्याची मर्यादा तशीही प्रत्येक ॲपला २५ एमबी आहे, त्या नोंदींना शिवला नव्हता. स्क्रीनवर सगळे दिसत होते. बाहेर मात्र काहीच काढता येत नव्हते. तेव्हा रूट करावे म्हटले, तर त्यासाठी बूटलोडर, म्हणजे फोन सुरू होताना अँड्रॉइडच्या आधी चालणारा प्रोग्राम, अनलॉक करावा लागतो आणि तो अनलॉक करताना फोन सगळा डेटा पुसतो. अखेर तीन रविवार बसून हाताने उतरवून काढले. त्यानंतर घेतलेला प्रत्येक फोन मी पहिल्याच दिवशी, त्यात काही साठण्याआधी, रूट केला आहे. सावधचित्त यांनी यातला रिकामा वेळ कोणता ते दाखवावे.

सावधचित्त

आपल्या आईंच्या नोंदींचे वाचून वाईट वाटले, आणि त्या अनुभवाविरुद्ध मला काहीही म्हणायचे नाही. पण एका हळव्या अनुभवावरून सर्वसाधारण नियम निघत नाही. आपला दोष निर्यातीची सोय न देणाऱ्या ॲपवर जातो. तो आपण संपूर्ण अँड्रॉइडच्या माथी मारला आहे.

अँड्रॉइडमध्ये प्रत्येक ॲपला स्वतंत्र वापरकर्ता क्रमांक मिळतो आणि एकाच्या कप्प्यात दुसऱ्याला हात घालता येत नाही. आपल्या नोंदी ज्या भिंतीमुळे बाहेर निघाल्या नाहीत तीच भिंत माझे बँकेचे ॲप एखाद्या फालतू खेळापासून वाचवते. भिंत हवी, पण माझ्यापुरते भोक हवे, असा हा आग्रह आहे. रूट केलेल्या फोनवर एखाद्या ॲपने तो ताबा मागितला की परवानगी विचारणारी चौकट येते हे मला ठाऊक आहे. ती चौकट न वाचता 'होय' दाबणारी माणसेही मला ठाऊक आहेत.

आता माझाही अनुभव ऐका. आठेक वर्षांपूर्वी माझ्या मेहुण्याने एका बटणात रूट करून देणारे कुठलेसे ॲप उतरवले. फोन रूट झाला, आणि पुढच्या आठवड्यात त्यावर आपोआप नवी ॲपे उगवू लागली. फॅक्टरी रीसेट केले तरी ती परत येत, कारण ती रीसेटने न पुसल्या जाणाऱ्या सिस्टीम विभागात जाऊन बसली होती. तो फोन अखेर मी नव्याने फ्लॅश केला, म्हणजे त्यात सगळी प्रणाली पुन्हा भरली, आणि त्यात माझी सबंध सुट्टी गेली. रिकामटेकडा हा शब्द मी तेव्हापासून वापरतो, आणि त्यात मी स्वतःलाही धरतो.

कर्नलकाका

दोघेही सुशिक्षित दिसता, तरी नेहमीचा घोळ घातलाच आहे. बूटलोडर अनलॉक करणे, कस्टम रॉम (कंपनीबाहेरच्यांनी बनवलेली अँड्रॉइडची प्रणाली) टाकणे आणि रूट करणे या तीन वेगळ्या क्रिया आहेत. धागाकर्त्यांनी पहिली आणि तिसरी निदान वेगळी लिहिली. सावधचित्त यांनी तेवढेही कष्ट घेतले नाहीत. ज्यांच्या फोनला अद्यतने येणे बंद झाले ते लिनिएजओएस ही कस्टम रॉम टाकतात, आणि लिनिएजओएस रूटविना येते. तेव्हा "जुना फोन जगवण्यासाठी रूट केले" असे म्हणणाऱ्या बहुतेकांना रूटची गरजच नसते.

इतिहासही थोडा लक्षात घ्यावा. २००८ मध्ये आलेल्या पहिल्या अँड्रॉइड फोनवर, एचटीसी ड्रीमवर, मागे एक रूट शेल, म्हणजे टंकलेल्या आज्ञा पूर्ण ताब्याने पाळणारा प्रोग्राम, चालू राहिला होता आणि आपण काहीही टंकले की ते त्यालाही पोहोचत असे. एखाद्याने संदेशात 'रीबूट' हा इंग्रजी शब्द टंकून एंटर दाबले की फोन खरोखरच रीबूट होई! तो दोष लवकरच दुरुस्त झाला, पण लोकांना रूटची चव तिथे लागली. त्यानंतरची कित्येक वर्षे रूट करणे म्हणजे सुरक्षेतले भोक शोधणे असेच होते. डर्टी काऊ हे भोक लिनक्स कर्नलमध्ये (अँड्रॉइड ज्यावर उभे आहे त्या गाभ्यात) २००७ पासून होते आणि ते बुजले २०१६ मध्ये. एका बटणात रूट करणारी ॲपे अशाच भोकांतून आत शिरत, त्यामुळे तेव्हा डेटा पुसला जात नसे, आणि त्याच भोकांतून चोरही शिरत. मेहुण्यांचे जे झाले ते त्या काळाचे फळ आहे. आज मॅजिस्क हे रूट करण्याचे साधन फक्त बूट इमेज (फोन सुरू होताना लागणारी फाइल) पॅच करते, सिस्टीम विभागाला हात लावत नाही. आठ वर्षांपूर्वीच्या जखमेवरून आजच्या औषधाला नावे ठेवू नयेत.

अर्धाचार्ज

कॉल रेकॉर्डिंगचा धागाकर्त्यांनी ओझरता उल्लेख केला आहे. माझे संपूर्ण कारण तेवढेच आहे. एका कंपनीच्या ग्राहक सेवा केंद्राने मला फोनवर जे आश्वासन दिले ते पुढे तीन वेळा नाकारले. "हा कॉल नोंदवला जात आहे" असे ते स्वतः सुरुवातीला ऐकवतात, पण ती नोंद मागितली तर मिळत नाही. दोन्ही बाजूंचा आवाज टिपण्याची परवानगी केवळ सिस्टीम ॲपला, म्हणजे प्रणालीचाच भाग असलेल्या ॲपला, मिळते. अ‍ॅक्सेसिबिलिटी सेवेच्या (दिव्यांगांसाठीच्या सोयीच्या) आडून काही ॲपे ते काम करीत, तर मे २०२२ पासून प्ले स्टोअरच्या धोरणाने तेही बंद झाले. म्हणून मी रूट केले, रेकॉर्डर सिस्टीम ॲप म्हणून बसवला, आणि चौथ्या वेळी त्यांना त्यांचाच आवाज ऐकवला. काम दोन दिवसांत झाले.

निःशंक

म्हणजे समोरच्याला न सांगता त्याचा आवाज साठवून ठेवण्यासाठी आपण फोनची सुरक्षा मोडलीत, आणि हे आपण अभिमानाने लिहिता आहात. माझ्या एका मैत्रिणीशी मी अत्यंत खासगी असे काही बोलले होते. ते तिच्या फोनमध्ये आपोआप नोंदले गेले, तिच्या भावाने ते ऐकले, आणि सहा महिन्यांनी मला माझेच वाक्य तिसऱ्या माणसाच्या तोंडून ऐकावे लागले. मैत्रिणीचा हेतू वाईट नव्हता. तिचा फोन सगळेच कॉल नोंदवीत होता आणि ती ते विसरली होती. ही सोय बंद झाली तेव्हा मला मनापासून आनंद झाला.

अर्धाचार्ज

मी कंपनीबद्दल बोलतो आहे आणि आपण मैत्रिणीबद्दल. कंपनी माझा आवाज साठवते तेव्हा ती सेवेची गुणवत्ता आणि मी तिचा साठवला की तो विश्वासघात, हा न्याय मला समजावून सांगावा. कायद्याचेच म्हणाल तर अमेरिकेत संघीय कायद्याला बोलणाऱ्यांपैकी एकाची संमती पुरते, तर कॅलिफोर्नियात खासगी संभाषणासाठी सर्वांची लागते. जिथे कायदा मुभा देतो तिथल्या माणसालाही जगभरासाठी एकच कुलूप लावणाऱ्या एका धोरणामुळे ती मिळू नये, याला काय म्हणावे?

निःशंक

कंपनी निदान सुरुवातीला सांगते. आपण सांगता काय?

सावधचित्त

उत्तम प्रश्न. त्यात एवढीच भर घालतो की काही फोनांत आता अधिकृत रेकॉर्डर आहेत आणि ते नोंद सुरू होताना तसे मोठ्याने जाहीर करतात. त्यावर रूटवाल्यांच्या मंडळींनी पहिले कोणते काम केले असेल, तर तो जाहीर करणारा आवाज मुका करण्याचे. स्वातंत्र्याच्या गप्पांची खरी परीक्षा इथे होते.

अर्धाचार्ज

आपण दोघे मिळून मला हेरगिरी करणारा ठरवीत आहात, आणि ते मी ऐकून घेणार नाही. माझा रेकॉर्डर सर्व कॉल नोंदवीत नाही, निवडलेलेच नोंदवतो. निःशंक यांच्या प्रश्नाचे सरळ उत्तर द्यायचे तर नाही, मी सांगत नाही. "हा कॉल नोंदवला जात आहे" हे वाक्य त्यांच्याच बाजूने आलेले असते, तेच मी दोन्ही बाजूंना लागू धरतो. मित्रांचे आणि घरच्यांचे कॉल मी नोंदवत नाही. नोंदवले तर मात्र सांगायला हवे, इतके मान्य. आता समाधान झाले असेल तर मैत्रिणीच्या भावाचा राग माझ्यावर काढणे थांबवावे.

निःशंक

राग कोणावर काढायचा ते मी ठरवेन. कंपनीपुरते आपले म्हणणे पटले नसले तरी समजले. पण आपण जे स्वतःहून पाळता ते आपल्या फोनमध्ये कोणी सक्तीने लावलेले नाही, आणि माझे भय नेमके त्याच मोकळ्या जागेचे आहे.

तळटीप

रेकॉर्डिंगसाठी कोणी वेगळा धागा काढावा, अशी विनंती आहे. अर्ध्याहून अधिक प्रतिसाद तिकडेच गेले.

मूळ मुद्द्याची एक अप्रिय बाजू मीच मांडतो, नाहीतर सावधचित्त ती चवीने मांडतील. रूट करण्याला जितका वेळ लागतो त्याच्या कैक पट वेळ ते लपवण्यात जातो. फोनच्या प्रणालीत बदल केलेला नाही ना हे बँकेसारख्या ॲपांना सांगणारी गूगलची तपासणी आधी सेफ्टीनेट होती, आता प्ले इंटेग्रिटी आहे, आणि तिच्या सर्वांत कडक पातळीचा निकाल हार्डवेअरमधल्या किल्लीच्या साक्षीवर ठरतो. ती साक्ष सरळ मार्गाने फिरवता येत नाही. मॅजिस्कमधली रूट लपवण्याची मूळ सोय २०२२ मध्ये काढली गेली, तेव्हापासून हे काम वेगवेगळ्या मॉड्यूलांवर (मॅजिस्कच्या जोडभागांवर) येऊन पडले. गेल्या वर्षभरात माझे बँकेचे ॲप चार वेळा बंद पडले आणि चारही वेळा मी रात्री जागलो. आता मी बँकेसाठी दुसरा, रूट न केलेला फोन वापरतो.

सावधचित्त

म्हणजे स्वतःच्या फोनचे मालक होण्यासाठी दोन फोन घ्यावे लागले! माझे म्हणणे आपण माझ्यापेक्षा नेटके मांडलेत, आभारी आहे.

तळटीप

हसा. पण हेही सांगा की एकही अद्यतन न मिळालेला, ज्ञात भोकांनी भरलेला पाच वर्षांपूर्वीचा फोन कंपनीच्या मूळ रॉमवर असला म्हणून अनेकदा ही परीक्षा उत्तीर्ण होतो, आणि त्याच फोनवर ताजी सुरक्षा अद्यतने असलेली कस्टम रॉम टाकली की तो नापास होतो. मग तपासले जाते ते काय? फोन सुरक्षित आहे की नाही हे, की तो आहे तसाच ठेवला आहे की नाही हे?

सावधचित्त

याचे उत्तर माझ्याकडे नाही, आणि ते नसणे मला आवडलेले नाही. कडक पातळीला अलीकडे नव्या सुरक्षा अद्यतनाचीही अट लावली गेली आहे, त्यामुळे आपले विधान सर्वत्र लागू नाही. पण सगळी ॲपे ती पातळी मागत नाहीत, हेही खरे. अनलॉक केलेल्या बूटलोडरवर रॉममध्ये कोणी काय भरले हे बँकेला बाहेरून कळू शकत नाही, एवढा बचाव मी करतो. तो अपुरा आहे, हे लिहून घ्या.

'रिकामटेकडे' हा शब्द आपल्यापुरता मागे घेतो. अर्धाचार्ज यांच्यापुरता अर्धा मागे घेतो. ज्यांनी केवळ स्टेटस बारमधले घड्याळ मध्यभागी आणण्यासाठी रूट केले आणि ते मला गर्वाने दाखवले, त्यांच्यापुरता तो कायम आहे. कंपनीने आधीच भरून दिलेल्या नको त्या ॲपांसाठी रूट करू पाहणाऱ्यांनी एडीबीने ती आपल्या वापरकर्त्यापुरती काढावीत. त्याला रूट लागत नाही. रूट केल्याने डेटा पुसला जातो हे तर वर धागाकर्त्यांनीच सांगितले आहे, तेव्हा भरलेल्या फोनवर तरी कोणी हा प्रयोग करू नये.

अर्धाचार्ज

अर्धा शब्द मागे घेतल्याबद्दल अर्धे आभार. घड्याळ मध्यभागी आणणाऱ्यांबाबत मात्र आपल्याशी पूर्ण सहमत आहे, आणि हे टंकताना मला अतिशय त्रास होतो आहे.

कर्नलकाका

डेटा पुसला जातो तो बूटलोडर अनलॉक करताना. रूट केल्याने नाही. बूटलोडर आधीच अनलॉक असेल तर भरलेला फोनही डेटा न गमावता रूट करता येतो, फक्त मूळ बूट इमेजची प्रत संगणकावर काढून ठेवावी आणि ती फोनवर असलेल्या नेमक्या आवृत्तीचीच असावी. धागाकर्त्यांनी हे बरोबर लिहिले होते, सावधचित्त यांनी ते चुकीचे उद्धृत केले. या दोन क्रिया वेगळ्या आहेत हे मी वर पहिल्याच वाक्यांत सांगितले आहे.