एमडी (मेफेड्रोन हे ड्रग) घेतल्याची शंका, पण किट निगेटिव्ह?

कुर्लेकर: धाकटा भाऊ दोन रात्री झोपला नाही, सारखे दात खातोय. केमिस्टकडचं लघवीचं किट निगेटिव्ह. मग एमडी नाही ना?

लॅबवाला: तसं धरू नका. साधं किट अ‍ॅम्फेटामिन शोधतं. एमडी म्हणजे मेफेड्रोन, ते कॅथिनोन या वेगळ्या गटातलं, बहुतेकदा निसटतं. नमुना लवकर द्या, जीसी-एमएस किंवा एलसी-एमएस (नेमका पदार्थ ओळखणारी लॅब तपासणी) करा. पुडीत भेसळही असते, तो वेगळाच घोळ.

रात्रपाळी: तपासणी नंतर! अंग तापलं, छातीत दुखलं, बरळला, झटका आला तर थेट 108. गार करा, बांधून ठेवू नका, बळेच लिटरभर पाणी पाजू नका, सोडियम घसरतं. हॉस्पिटलात काय घेतलं ते खरं सांगा.

कुर्लेकर: पोलीस?

लॅबवाला: 2015 पासून एमडी एनडीपीएसमध्ये (अमली पदार्थ कायद्यात) आहे, 2 ग्रॅमपर्यंत अल्प, 50च्या वर व्यावसायिक प्रमाण. स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनींसाठी कलम 64अ (खटल्यातून सूट) आहे, वकिलाला विचारा.