व्हेंडर म्हणतो 90 टक्के झालं. खरंखोटं मोजायचं कसं?

बुटीबोरीचा_स्टोअरकीपर: मंडळी, आमच्या कारखान्यात स्टोअर अन् डिस्पॅचचं सॉफ्टवेअर बनून राहिलं आहे. ठरले 20 लाख, मुदत 10 महिने. सहा महिने झाले, 11 लाख गेले. व्हेंडर महिनाभरापासून '90 टक्के झालं' म्हणून राहिला. साहेबांना आकडे पाहिजेत. मी आयटीतला नाही. काय मोजू?

मिहानवाली: भाऊ, टक्के विचारूच नका. प्रत्येक मॉड्यूलची, म्हणजे सॉफ्टवेअरच्या एकेका भागाची, किंमत कोटेशनमध्ये असेल. तुम्ही स्वतः चालवून पास केलं तर पूर्ण किंमत धरा, नाहीतर शून्य. अर्धवटाला काही नाही. समजा बेरीज 8 लाख आली. 8 भागिले 11, म्हणजे 0.73. रुपया गेला अन् 73 पैशांचं काम हाती आलं. असंच चाललं तर 20 चे साडेसत्तावीस लाख होतील. या 8 लाखांना अर्न्ड व्हॅल्यू, म्हणजे कमावलेलं मूल्य, म्हणतात. वेळेसाठी तेच 8, महिन्याला 2 लाख धरून आजवर ठरलेल्या 12 लाखांच्या कामानं भागा.

तर्री_जास्त: ताई, तो वेळेचा आकडा शेवटी फसवतो. काम वर्षभर लेट झालं तरी संपल्यावर 20 भागिले 20, म्हणजे 1 येणार, जणू वेळेवरच झालं! त्यापेक्षा 8 लाखांचं काम कितव्या महिन्यात व्हायचं होतं ते पाहा. चौथ्या. म्हणजे दोन महिने मागे. साहेबांना हे लगेच कळते.

गेटपास: हे झालं बनवण्याचं. वापराचं काय? डिलोन अन् मॅक्लीन या संशोधकांनी 1992 साली माहिती प्रणालीचं यश कसं मोजायचं याचं मॉडेल मांडलं, त्यात वापर अन् वापरणाऱ्याचं समाधान हेही यशाचे निकष आहेत. 2003 मध्ये त्यात सेवेचा दर्जाही आला. आमच्याकडे सगळे आकडे हिरवे होते. सहज एंट्रीच्या वेळा काढल्या, तर दिवसभराचे सगळे ट्रक संध्याकाळी 6:10 ते 6:40 मध्येच आत आलेले! गेटवरचा टॅब मे महिन्याच्या उन्हात तापून बंद पडायचा. चौकीदार रजिस्टरात लिहायचा, अन् एक पोरगा संध्याकाळी बसून सगळं सिस्टममध्ये चढवायचा. अन् हो, ट्रकला गेटपासून वजनकाट्यापर्यंत आज किती वेळ लागतो ते आत्ताच लिहून ठेवा. नंतर तुलना कशाशी करणार?

बुटीबोरीचा_स्टोअरकीपर: बेरीज केली. 8 कुठली, साडेपाच लाख. व्हेंडरला दाखवली तर म्हणतो, 'तीन मॉड्यूल तुमच्याकडेच टेस्टिंगला पडून आहेत.' मेल पाहिले. खरंच पडून आहेत बाप्पा, माझ्याच इनबॉक्सात.

मिहानवाली: मग साहेबांकडे जायच्या आधी ते तपासा. अन् पडून राहिलेले दिवस वेगळ्या रकान्यात दाखवा, तुमच्या नावावर.