कूगनचे पैसे आणि राजवाड्यावरचं शूटिंग

काका, बालकलाकारांच्या पैशांबद्दल बोलताना तुम्ही हॉलिवूडचा बालकलाकार जॅकी कूगन याचं उदाहरण चांगलं दिलंत, पण पुढचं राहिलं. चॅप्लिनच्या १९२१च्या ‘द किड’ सिनेमानंतर या पोरानं लाखो डॉलर कमावले. पैसे घरच्यांनीच उडवले म्हणून १९३८मध्ये आई आणि सावत्र वडिलांवर दावा लावला, तेव्हा हाती आले जेमतेम सव्वा लाख. बालकलाकारांच्या कमाईतला काही भाग राखून ठेवणारा कॅलिफोर्नियाचा १९३९चा कायदा त्यातूनच झाला. साठच्या दशकात ‘द ॲडम्स फॅमिली’ या टीव्ही मालिकेतला अंकल फेस्टर तोच, टक्कल केलेला!

भाचीचं शूटिंग ठरलंय म्हणालात, तर आपल्याकडचं बघा. बालकामगार कायद्याच्या २०१७च्या नियमांनुसार मानधनातले किमान २० टक्के मुलीच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत टाकावे लागतात, सज्ञान झाल्यावर तिला मिळतात. बाकीच्या ८० टक्क्यांबद्दल नियम गप्प आहे. कूगनचं झालं ते इथेही होऊ शकतं. काम दिवसाला ५ तास, विश्रांतीशिवाय सलग ३ तासांहून जास्त नाही, आणि ओळीनं २७ दिवसांपेक्षा जास्त नाही.

परवानगी निर्मात्यानं घ्यायची, जिथे चित्रण तिथल्या कलेक्टरची. इंदूरच्या राजवाड्यावरच्या सीनला इंदूरच्या कलेक्टरची चालेल, महेश्वरच्या घाटाला नाही. तो खरगोन जिल्हा. घोळ इथेच होतो.

मुलीचं पॅन आधी काढा, नाहीतर टीडीएस, म्हणजे मानधन देतानाच कापला जाणारा कर, जास्त कापतील. आयकरासाठी तिच्या कलेची कमाई तिचीच धरतात, ठेवीवरचं व्याज मात्र आईवडिलांपैकी ज्यांचं उत्पन्न जास्त, त्यांच्या उत्पन्नात मिळवतात.