मदत हवी आहे : मोपा, तेरेखोल, रेडी, शिरोडा, आईला घेऊन २ दिवस

नमस्कार मंडळी, पुढच्या महिन्यात आईला घेऊन गोव्यातल्या मोपा विमानतळावर उतरतोय, तिचं माहेर शिरोडा, १५ वर्षांनी जातेय आणि गुडघे दुखतात त्यामुळे पायऱ्या फार नकोत. विमानतळ २०२३ ला सुरू झाल्यापासून तिकडं हॉटेलं, रस्ते भराभर होतायत असं मामा सांगतो, म्हणून जुन्या आठवणीवर प्लॅन करायला धीर होत नाहीये.

तेरेखोल किल्ला बघायचाच आहे, नदीच्या अलीकडं महाराष्ट्राच्या बाजूला असून गोव्याचा, लहानपणी मला हे कोडंच वाटायचं. नदीपलीकडच्या, गोव्याच्या बाजूच्या केरीहून फेरीत गाडी चढवून जावं की रेडीकडून रस्त्यानं? फेरीच्या सध्याच्या वेळा कुणाला माहीत आहेत का? रेडीचा यशवंतगड आईला झेपेल का, तिथं वडाची मुळं भिंतीला अशी कवटाळून बसलीयेत की दगड कुठला नि मूळ कुठलं कळत नाही, ते तिला परत दाखवायचंय. आणि १९३० चा मिठाचा सत्याग्रह झाला त्या शिरोड्यात मिठागरं अजून जवळून बघता येतात का? तिथल्या वेळागर किनाऱ्याजवळ घरगुती जेवण मिळेल अशी, तळमजल्यावर खोली असलेली जागा सुचवा प्लीज.