दोन ट्रान्सक्रिप्शन फॅक्टरचे पीक्स एकाच जागी येतात. ते मिळून काम करतात असं लिहू का?

हळदगल्ली, सांगली
नमस्कार. एम.एस्सी.च्या शेवटच्या सत्राचा प्रकल्प आहे, विषय यकृतातलं जनुक-नियमन. पेशी वाढवायची सोय नाही, म्हणून एनकोड प्रकल्पाच्या खुल्या डेटावरच काम चाललंय. हेपजी२ पेशींमधल्या एचएनएफ४ए आणि सीईबीपीए या दोन ट्रान्सक्रिप्शन फॅक्टरच्या (डीएनएवर बसून जनुकं चालू-बंद करणाऱ्या प्रथिनांच्या) चिप-सेक फाइल्स घेतल्या. प्रथिन डीएनएवर कुठं बसतं ते त्यात दिसतं, त्या जागा म्हणजे पीक्स. मग बेडटूल्स या सॉफ्टवेअरनं ओव्हरलॅप काढला. निम्म्याहून जास्त पीक्स एकावर एक येतात. सगळ्या जीनोमवर तेवढ्याच जागा रँडम टाकून तुलना केली तर पी-व्हॅल्यू जवळजवळ शून्य. एवढ्यावर ‘हे दोघं मिळून यकृताची जनुकं चालवतात’ असं लिहिता येईल का? गाइड विचारतात, ‘मिळून म्हणजे नक्की कसं?’ तिथंच गाडी अडलीय.

केंद्रक, कराड
नाही लिहिता येणार. गाइडचा प्रश्न रास्त आहे.

आधी पी-व्हॅल्यू. तुमची तुलनाच चुकलीय. पेशीत बहुतेक फॅक्टर उघड्या क्रोमॅटिनवरच (प्रथिनांभोवती घट्ट न गुंडाळलेल्या डीएनएवर) बसतात आणि तो भाग जीनोमचा अगदी थोडा असतो. एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले दोन फॅक्टर घेतले तरी अख्ख्या जीनोमच्या तुलनेत त्यांचा ओव्हरलॅप प्रचंडच दिसणार. म्हणून रँडम जागा त्याच पेशीच्या डीनेज किंवा अटॅक-सेक पीक्सच्या (उघडं क्रोमॅटिन दाखवणाऱ्या जागांच्या) आतच टाका. बेडटूल्सच्या शफलला ‘इन्क्लूड’चा पर्याय आहे. त्याआधी एनकोडची ब्लॅकलिस्ट (खोटे पीक्स देणाऱ्या जागांची यादी) वजा करा. ज्या जागांवर डझनावारी फॅक्टर एकदम दिसतात त्या वेगळ्या काढा, त्यात चिपचा कचरा बराच असतो. आणि दोन्ही फाइल्स एकाच असेंब्लीच्या (संदर्भ-जीनोमच्या आवृत्तीच्या) आहेत ना? एक एचजी१९ आणि दुसरी एचजी३८ असेल तर सगळंच मुसळ केरात.

आता ‘मिळून’चं. माणसात सुमारे १,६०० ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर आहेत आणि एकेकाचा मोटिफ, म्हणजे तो ओळखतो तो डीएनएचा क्रम, साधारण ६ ते १२ बेसचा. ६ बेसचा ठरावीक क्रम दर ४,०९६ बेसमागे एकदा निव्वळ योगायोगानं येतो. ३२० कोटी बेसच्या जीनोममध्ये एका धाग्यावरच साडेसात लाखांहून जास्त वेळा. म्हणजे एकट्या मोटिफवर जागा ठरूच शकत नाही. जोडी लागते, आणि जोडी जमायच्या तऱ्हा वेगवेगळ्या आहेत.

पहिली तऱ्हा म्हणजे प्रथिनं एकमेकांना प्रत्यक्ष चिकटतात. फॉस आणि जून ही प्रथिनं मिळून एपी-१ हा फॅक्टर होतो ते असंच. हृदयात गाटा४ आणि टीबीएक्स५ हे फॅक्टर एकमेकांना धरतात. गाटा४ मध्ये २९६व्या जागी ग्लायसीनऐवजी सेरीन आलं की ही पकड सुटते, आणि अशा कुटुंबांत हृदयाच्या पडद्याला छिद्र असलेली मुलं जन्मतात. हे २००३ मध्ये दाखवलं गेलं. शिवाय त्या बदलानं गाटा४ ची डीएनएवरची पकडही कमी होते, तेव्हा सगळं खापर जोडीवर फोडू नका.

दुसरी तऱ्हा डीएनएमार्फत. प्रथिनं एरवी फारशी जुळत नाहीत, पण मोटिफ ठरावीक अंतरावर आणि ठरावीक दिशेनं असले की एक बसल्यावर दुसऱ्याची बैठक घट्ट होते. भ्रूणजन्य मूलपेशींत सॉक्स२ आणि ऑक्ट४ शेजारी शेजारी बसतात ते याचं नेहमीचं उदाहरण.

तिसरी तऱ्हा बहुतेक जण विसरतात. डीएनएचे १४७ बेस हिस्टोन प्रथिनांच्या गोळ्याभोवती गुंडाळलेले असतात, त्याला न्यूक्लिओसोम म्हणतात. दोन्ही फॅक्टरना तो न्यूक्लिओसोम हटवायचाय, एवढंच त्यांचं नातं. मार्केट यार्डात हळदीचं पोतं उचलताना हमाल एकमेकांना धरत नाहीत. एकानं कड उचलली की दुसऱ्याचा हात खाली शिरतो, तसं. इथं अंतर काटेकोर लागत नाही, एकाच न्यूक्लिओसोमच्या टप्प्यात दोघं असले की झालं. यकृतात फॉक्सए या फॅक्टरांच्या गटाला पायोनियर (आधी वाट उघडणारा) म्हणतात, कारण त्याची घडण एच१ हिस्टोनसारखी असते आणि तो गुंडाळलेल्या डीएनएवरही बसू शकतो. तुमच्या विश्लेषणात फॉक्सए२ नाही, तो घ्याच. कदाचित तुमचे दोघंही त्यानं उघडलेल्या दारातूनच आत आले असतील.

अजिंक्यतारा, सातारा
केंद्रक सरांनी सांगितलेल्या तऱ्हा लॅपटॉपवर बऱ्याच अंशी वेगळ्या करता येतात. फास्टक्यू (कच्च्या डेटाच्या फाइल्स) उतरवत बसू नका, नेट आणि डिस्क दोन्ही संपेल. तयार पीक्सची नॅरोपीक फाइल काही एमबीचीच असते.

सामाईक पीक्सच्या समिटपासून (सगळ्यात उंच बिंदूपासून) दोन्हीकडे १०० बेस घ्या. जास्पार या मोटिफसंग्रहातले मोटिफ वापरून एचएनएफ४ए ची सगळ्यात बळकट जागा शोधा. तिच्यापासून सीईबीपीए चा मोटिफ किती बेसवर आणि कोणत्या दिशेला, याचा हिस्टोग्राम काढा. हे काम स्पामो नावाचं सॉफ्टवेअर आयतं करतं. एकाच अंतरावर उंच सुळका आला तर पहिली किंवा दुसरी तऱ्हा. १०० बेसपर्यंत पसरट उंचवटा असेल तर तिसरी, नाहीतर काहीच नाही. पार्श्वभूमीला जीसी प्रमाण (जी आणि सी बेसचा वाटा) जुळणारे क्रम घ्या, नाहीतर आकडे फसवतात.

एक लक्षात ठेवा, हे दोन्ही फॅक्टर स्वतःच दोघा-दोघांनी बसतात. सीईबीपीए चा मोटिफ टीटीजीसीजीसीएए, समोरच्या धाग्यावर उलट्या दिशेनं वाचला तरी तोच. तिथं दिशेला अर्थ नाही.

हळदगल्ली, सांगली
धन्यवाद सर. घाईघाईत चालवून पाहिलं. एका अंतरावर बारीक सुळका दिसतोय. खरा की खोटा, कसं ओळखायचं?

अजिंक्यतारा, सातारा
सुळक्यातल्या सगळ्या जागा काढून रिपीटमास्करशी (जीनोममध्ये पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्यांच्या यादीशी) ताडून बघा. अलू किंवा जुन्या रेट्रोव्हायरसच्या तुकड्यात दोन्ही मोटिफ योगायोगानं असले, तर त्याच्या हजारो प्रती तेच अंतर घेऊन फिरतात. मोटिफच्या आजूबाजूचे २०-३० बेस एकमेकांखाली लावा. तेही सगळे सारखे निघाले तर सुळका त्या प्रतींचा आहे.

पिपेटवाली, इस्लामपूर
पुढेमागे कुणाची लॅब मिळाली तर चार रिपोर्टर (जनुकाचं काम उजेडावरून मोजू देणारे प्लास्मिड) बनवा: मूळ एन्हान्सर (जनुकाचं काम वाढवणारा डीएनएचा तुकडा), पहिला मोटिफ मोडलेला, दुसरा मोडलेला, दोन्ही मोडलेले. तुलनेसाठी रेनिला प्लास्मिड दहाव्या ते पन्नासाव्या हिश्शात घाला, ४८ तासांनी मोजा. समजा दोन्ही मोडलेल्याचं १, एकट्या पहिल्याचं ३, एकट्या दुसऱ्याचं ४. नुसती बेरीज असेल तर मूळ एन्हान्सर ६ द्यावा, गुणाकार असेल तर १२. २० आले तर सहकार्य म्हणा. शिवाय मोटिफच्या मध्ये एकदा ५ आणि एकदा १० बेस घाला. डीएनएचा एक पीळ सुमारे १०.५ बेसचा, त्यामुळे ५ घातले की दुसरा फॅक्टर पाठीमागे जातो. ५ नं काम थांबलं आणि १० नं परत आलं, तर दोघं एकाच बाजूला बसून एकमेकांना धरतात.

को-आयपी (एक प्रथिन ओढून त्याला चिकटलेलं दुसरं शोधणं) करणार असाल तर बेन्झोनेज हे डीएनए तोडणारं एन्झाइम घालूनच करा. नाहीतर मधल्या डीएनएला लटकलेली प्रथिनं जोडीदार म्हणून वर येतात.

केंद्रक, कराड
पिपेटवाली मॅडम, एक भर घालतो. दोन दिवसांपुरत्या घातलेल्या प्लास्मिडवर क्रोमॅटिन नीट चढत नाही, त्यामुळे तिसऱ्या तऱ्हेचं सहकार्य त्यात दिसणारच नाही. बेरीज आली म्हणून सहकार्य नाही असं लिहू नये. त्यासाठी रिपोर्टर जीनोममध्ये बसवावा लागतो किंवा क्रिस्परनं मूळ जागीच मोटिफ मोडावा लागतो.

आणि हळदगल्ली, दोन वेगळ्या चिप म्हणजे लाखो पेशींची सरासरी. अर्ध्या पेशींत एक आणि उरलेल्या अर्ध्यांत दुसरा बसला असेल तरी तुमचा ओव्हरलॅप हाच दिसेल. एकाच तुकड्यावर दोघं आहेत हे दाखवायला री-चिप (एकाच नमुन्यावर लागोपाठ दोन चिप) लागतं. तूर्त प्रकरणात लिहा: ‘हेपजी२ मध्ये उघड्या क्रोमॅटिनच्या तुलनेत सामाईक जागा अपेक्षेपेक्षा जास्त.’ फक्त नवी तुलना तसं सांगत असेल तरच. ‘यकृतात’ असं लिहू नका. हेपजी२ ही गाठीतून वाढवलेली पेशीरेषा आहे.