मदत हवी आहे : सहावीच्या गणिताचा गृहपाठ आणि घरातला मोबाईल

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावीला गणित शिकवतो. अपूर्णांकांच्या बेरजेचा गृहपाठ अडतीसपैकी जवळपास सर्व वह्यांत अचूक येतो. मात्र फळ्यावर २/३ + ३/४ दिले की निम्मी मुले अंशात अंश, छेदात छेद मिळवून ५/७ लिहितात, कारण घरी उदाहरणाचा फोटो काढला की मोबाईल १७/१२ हे उत्तर पायऱ्यांसकट देतो. एका मुलाने तर त्यातले इंग्रजी शब्दही तसेच उतरवले होते!

पालकांना मोबाईलबंदी सुचवून पाहिली, ती चार दिवस टिकली. बालभारतीच्या पुस्तकातील क्यूआर कोडवरून दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवरचे व्हिडिओ पाहायला सांगितले, ते दुप्पट वेगाने पाहिले गेले. कागदी पट्ट्या दुमडून समच्छेद वर्गात छान समजतो, पण गृहपाठात पुन्हा तेच. चुकीचे सोडवलेले उदाहरण देऊन चूक शोधायला लावणे थोडेफार उपयोगी पडले.

आठ घरांत स्मार्टफोन नाही, त्यामुळे मोबाईल अनिवार्य करता येत नाही. तासिका पस्तीस मिनिटांची आहे. मोबाईलने उत्तर दिले तरी समच्छेद का करायचा हे मुलाला स्वतःच मांडावे लागेल, आणि अडतीस वह्या एका तासिकेत तपासून होतील, असा गृहपाठ कोणी प्रत्यक्ष दिला आहे का, आणि त्यातील प्रश्न नेमके कसे होते?